धाकूची बिनकाट्यांची जाळी

फार वर्षांपूर्वी, भोकरटेंबच्या विहिरीला कठडाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. मी पाहायला नव्हतो, तुम्हीही नव्हता, आणि जे होते ते ऐन वेळी पळत सुटले होते. त्यामुळे मी सांगतो तीच खरी धरायची. मध्येच कुणी "आमच्याकडे वेगळी सांगतात" म्हणून तोंड घातलं, तर मी गप्प बसेन. आणि एखादं माणूस गप्प बसलं की काय होतं, ते या गोष्टीत येणारच आहे.

तर भोकरटेंब डोंगराच्या पायथ्याशी. गाव संपतं तिथे वेताळाचा धोंडा आहे आणि धोंड्यापलीकडे रान सुरू होतं. वैशाखात त्या रानातल्या करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर होतात. त्या कुणाच्या मालकीच्या नाहीत. जो जाईल आणि अंग ओरबाडून घेईल, त्यानं खायचं. आपल्याकडे घरामागच्या परड्यात लोक अळू लावतात, केळ लावतात, अबोली लावतात. करवंद कुणी लावत नाही. डोंगर जे फुकट देतो ते दारात लावून त्याला पाणी कोण घालत बसेल? पण एकानं घातलं. सात वर्षं घातलं. त्याचं नाव धाकू शिगवण.

धाकू अंगानं दांडगा होता. मिशा अशा, की अनोळखी माणूस आधी मिशांना रामराम करायचा. पुरात उडी टाकून म्हैस बाहेर काढायचा, माडावर वाऱ्यात चढायचा. फक्त रानात जायचा नाही. वेताळाच्या धोंड्यापर्यंत आला की त्याचे पाय आपले आपण माघारी वळायचे. का, तर म्हणे वाघ. गावात तीन पिढ्यांत कुणी वाघाची शेपटीसुद्धा पाहिली नव्हती. पण धाकू म्हणायचा, "दिसत नाय, म्हंजे लपलेला हाय."

त्याची बायको बायजा. ती कुणालाच भीत नव्हती, आणि करवंदं तिला जीव की प्राण. दर वैशाखात ती एकटी रानात जायची आणि ओचा भरून करवंदं आणायची. ओटीवर बसून दोघं खायची. एकेक करवंद दातानं तोडायचं, पण त्याआधी विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. धाकू दर वेळी हरायचा आणि खूश व्हायचा. असा त्यांचा संसार चालला होता.

एका वर्षी बायजा म्हणाली, "अवो, एकदा तरी संगती चला. मी पुढं हाय ना."

धाकू गेला. कसा गेला ते त्यालाच ठाऊक. डोळे अर्धे मिटून, बायजाचा पदर धरून तो धोंड्यापलीकडे शंभर पावलं चालला. बायजा एका जाळीत हात घालून करवंदं तोडू लागली. आणि जाळीच्या पलीकडे काहीतरी खसफसलं.

धाकू जो सुटला तो थेट घरात येऊन कणगीमागे बसला. वाटेत त्याचं मुंडासं काट्यांना अडकून राहिलं. रानातून गावात येणारी वाट तेव्हा वळणावळणाची होती. आज ती सरळ आहे. ती त्या दिवशी धाकूनं सरळ केली, असं म्हणतात.

घटकाभरानं बायजा आली. तिच्या ओच्यात करवंदं नव्हती. एका हातात अर्धं मुंडासं होतं आणि दुसऱ्या हातात सोमा गुरवाची शेळी. उरलेलं अर्धं मुंडासं शेळीच्या तोंडात होतं. जाळीमागे खसफसला तो वाघ हाच.

बायजा कणगीसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "भ्यालात त्याचं मना काय नाय. मागं वळून बगितलंत नाय, त्याचं हाय. मी पाठी हाय का खाल्ली, ते बगायला पण थांबलात नाय. आता करवंदांची ओंजळ तुमच्या हातानं आणून माझ्या हातात घाला. तवर मी तुमच्याशी बोलायची नाय."

आणि तिचं तोंड बंद झालं. दोन दिवस धाकूला वाटलं, उतरेल. आठ दिवस गावाला वाटलं, उतरेल. पण बायजाचा शब्द म्हणजे कातळात ठोकलेली पहार. ती हलली नाही.

मात्र संसार म्हटला की बोलावं लागतंच. मग ती पडवीतल्या खांबाशी बोलू लागली. "खांबा, भात वाढलाय, गार झाला तर मना बोल लावायचा नाय." धाकूही खांबाकडे तोंड करून म्हणायचा, "खांबा, तिला सांग, कालवणात मीठ कमी हाय." "खांबा, त्यांना सांग, मीठ डोळ्यांम्होरं हाय." गावात कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचं लग्न ठरतंय, हे त्या खांबाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, असं म्हणतात. पाहुणे आले की आधी खांबाला नमस्कार करायचे, उगाच राग नको.

पुढच्या वैशाखात धाकू छाती काढून वेताळाच्या धोंड्यापाशी गेला. एक पाय पलीकडे टाकला. पाय परत आला. दुसरा टाकून पाहिला, तोही परत आला. सोमा गुरव धोंड्याजवळच्या देवळाच्या पायरीवरून पाहत होता. तो म्हणाला, "काय वाघोबा, आज कुठला पाय शिकारीला?" धाकू मान खाली घालून देवळापाशीच बसला. पायरीखाली पोरांनी करवंदं खाऊन थुंकलेल्या बियांचा सडा पडला होता. त्या बियांकडे बघता बघता त्याच्या डोक्यात उजेड पडला. बायजानं करवंदं मागितली होती, आपल्या हातची मागितली होती. रानातलीच हवीत, असं कुठं म्हणाली होती? आपण रानात जाऊ शकत नाही, तर रानाला घरी आणू.

त्यानं बिया वेचल्या, धुतल्या आणि घरामागच्या परड्यात लावल्या. गाव हसून हसून आडवं झालं. पण धाकूनं कान बंद केले आणि विहिरीवर घागर लावली.

आता इथे धाकूनं जी चूक केली, ती करायला धाकूच पाहिजे. करवंद हे कातळावरचं झाड. त्याला ना पाणी लागतं, ना खत, ना कुणाची माया. उन्हात होरपळलं, गुरांनी तुडवलं की ते चिडून फळतं. धाकूनं त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. शेणखत घातलं, माशांचं खत घातलं, दर सोमवारी ताक घातलं. ऊन लागू नये म्हणून झावळ्यांचा मांडव घातला. थंडीत मुळाशी कोमट पाणी ओतलं. आणि सगळ्यात कळस म्हणजे, उद्या बायजाच्या हाताला टोचायला नको म्हणून तो अडकित्ता घेऊन रोज एकेक काटा कातरू लागला. काटे कंटाळले आणि यायचेच बंद झाले, असं म्हणतात.

झाड असं माजलं, की पाचव्या वर्षी त्यानं परडं व्यापलं आणि सातव्या वर्षी ते घराच्या कौलांना लागलं. पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. आत इतकी गार, मऊ, काळोखी जागा, की कोंबड्या तिथून बाहेर यायला तयार नसत. फक्त फळ नाही. फळ कसलं, एक फूल नाही.

मधल्या काळात पडवीच्या खांबाला वाळवी लागली, तेव्हा बायजा झाडाशी बोलू लागली. "झाडा, त्यांना सांग, पावसाआधी कौलं परतायला हवीत." धाकू झाडाच्या दुसऱ्या बाजूनं उत्तर द्यायचा. तिथून पुढचा संसार त्या झाडाच्या आरपार झाला. बायजा झाडाला धाकूपेक्षा जास्त गोष्टी सांगायची, आणि धाकू पलीकडे बसून त्या ऐकायचा. तिचा आवाज त्याला रोज ऐकू येत होता, पण तो त्याच्यासाठी नव्हता. याचं त्याला फार वाईट वाटायचं.

सातव्या वर्षी पौषात बायजा तापानं पडली. तीन दिवस ती झाडाशीही बोलली नाही. धाकू उंबऱ्यावर बसून होता, आणि तेव्हा त्याला वाघाहून मोठी भीती वाटली. ही अशीच गेली तर? शेवटचं बोलणं कणगीसमोरचं, ते तेवढंच राहील. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आतून आवाज आला, "झाडा, पेज करायला सांग." धाकूनं पेज केली, ती करताना रडला, आणि तडक गावच्या सुईणीकडे, भिकी म्हातारीकडे गेला.

भिकीनं गावातली माणसंही जन्माला घातली होती आणि वांझ झाडंही फळवली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं झाड लाडावलंय रे मेल्या. त्याला धाक दाखव."

धाक दाखवायची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. न फळणाऱ्या झाडापुढे एकानं कोयता घेऊन उभं राहायचं, झाडाला त्याची लाज काढून सांगायचं आणि तोडायला धावायचं. घरच्या दुसऱ्या माणसानं त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "राहू दे, येत्या वर्षी देईल." झाड घाबरतं, आशेलाही लागतं आणि फळतं. कोयता तीनदा उचलायचा. तिसऱ्यांदाही कुणी हात धरला नाही, तर मात्र तोडावंच लागतं. कारण धमकी पोकळ निघाली, तर ते एका झाडाला कळतं, आणि एकाला कळलं की गावातल्या सगळ्या झाडांना कळतं.

"आणि हात धरणारं माणूस घरचंच हवं," भिकी म्हणाली. "तोंडानं बोललं पायजे. मुकेपणी चालत नाय."

धाकूच्या घरी दुसरं माणूस एकच होतं, आणि ते बोलत नव्हतं.

तरीही त्यानं माघी पुनव ठरवली. दरडावायची त्याला सवय नव्हती, म्हणून महिनाभर तो केळीवर सराव करत होता. केळीला दरडावायचा आणि मग तिची माफी मागायचा. भिकीनं त्याच्याकडून दोन वाक्यं घोकवून घेतली होती. तेवढीच तो येता-जाता पुटपुटत असे.

पुनवेच्या सकाळी सगळा गाव परड्यात जमला. काही मजा बघायला आले होते, पण ज्यांच्या घरी फणस होते ते खरोखर काळजीत होते. बायजा हातात झाडू घेऊन झाडापाशी उभी होती. झाडलेल्या परड्यात एवढी माणसं घुसली म्हणून ती चिडली आहे, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. पण ती झाडाला टेकून उभी होती, हे भिकीच्या नजरेतून सुटलं नाही.

धाकूनं कोयता उचलला. आवाज फुटेना. सगळ्यांनी बायजाकडे पाहिलं. बायजा जमिनीकडे बघत होती.

धाकूनं दुसऱ्यांदा कोयता उचलला. बायजाचे ओठ हलल्यासारखे झाले, पण शब्द आला नाही. सात वर्षांचा गंज होता त्यावर. सोमा गुरवानंसुद्धा त्या वेळी थट्टा केली नाही, असं म्हणतात.

धाकूनं डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा कोयता उचलला. आणि जाळीतून गुरगुर ऐकू आली.

आता विचार करा. अख्ख्या सह्याद्रीत ज्या जाळीला काटा नाही, जिला रोज पाणी, जिच्यावर मांडव, जिच्यात थंडीत कोमट ऊब, अशी जाळी एकच. वाघानं झोपायला दुसरी कुठली निवडावी? तीन पिढ्यांत कुणाला न दिसलेला वाघ पानं बाजूला करून बाहेर आला, जांभई दिली आणि बायजापासून चार हातांवर उभा राहिला.

क्षणात परडं रिकामं झालं. सोमा गुरव माडावर होता. त्याला माडावर चढता येत नव्हतं. भिकी म्हातारी गवताच्या उडवीत शिरली. धाकूचे पायही निघाले. एक पाऊल गेलं, दुसरं गेलं. आणि तिसऱ्याला धाकूनं मागं वळून बघितलं.

बायजा झाडाला टेकूनच उभी होती. जन्मात पहिल्यांदा ती घाबरली होती, आणि ती वाघाकडे बघत नव्हती, धाकूकडे बघत होती.

धाकूचे पाय फिरले. तो धावत येऊन वाघाच्या आणि बायजाच्या मध्ये उभा राहिला. कोयता वर होता. काहीतरी ओरडायला हवं होतं, पण महिनाभर घोकलेल्या दोन वाक्यांपलीकडे डोक्यात काहीच नव्हतं. तेच तो ओरडला.

"सात वरसं खाल्लंस, पिलंस, सावलीत लोळलंस, आणि एक करवंद दिलं नायस. आता तुला ठेवत नाय!"

वाघ चक्रावला. त्याच्यावर आजवर पुष्कळ आळ आले होते, शेळ्यांचे, वासरांचे. करवंदांचा हा पहिलाच. त्यानं कान पाडले, असं म्हणतात. धाकूचा कोयता खाली येऊ लागला, आणि तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्यानं धाकूचं मनगट धरलं.

"अवो, ऱ्हाऊ द्या," बायजा म्हणाली. "येत्या वरसाला देईल."

ती झाडासाठी बोलली की वाघासाठी, हे तिला कधीच सांगता आलं नाही. पण ती धाकूशी बोलली. धाकूनं मान वळवली. "काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. मागं वाघ उभा आहे हे तो साफ विसरला होता.

"ऱ्हाऊ द्या म्हटलं," बायजा म्हणाली आणि रडू लागली. मग तोही रडू लागला. वाघानं थोडा वेळ वाट पाहिली. आपल्याला मुदत मिळाली आहे एवढं त्याला समजलं, आणि तो सरळ केलेल्या वाटेनं खालमानेनं रानात निघून गेला.

झाडानं सगळं ऐकलं होतंच. आठव्या दिवशी त्याला पांढरी फुलं आली. परड्यातला सुगंध तीन वाड्यांवर गेला. वैशाखात तर असा बहर आला, की पान दिसेना. काटा नसल्यामुळे रांगती पोरं आणि वाकलेल्या म्हाताऱ्याही आपल्या हातानं तोडून खात होत्या. धाकूनं पहिली ओंजळ भरली आणि बायजाच्या हातात घातली. बायजानं एक उचललं आणि विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" धाकू म्हणाला, "कोंबडी." आतून लालभडक निघालं. धाकू हरला आणि तिथेच पायरीवर बसून बराच वेळ हसत राहिला.

आणि त्याच सकाळी वेताळाच्या धोंड्यावर पळसाच्या पानात ओंजळभर रानातली करवंदं ठेवलेली सापडली. आजूबाजूला पंजाचे ठसे होते. "येत्या वरसाला देईल" हे वाघानंही मनावर घेतलं होतं. तो पुढे दर वैशाखात देत राहिला, असं म्हणतात. करवंदं जरा चेंगरलेली असत, पण वाघाच्या मानानं बरी.

बायजानं नंतर सात वर्षांचं सगळं बोलणं भरून काढलं. सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. पुढे पुढे धाकू एकटाच रानात जाऊन बसू लागला. भीती गेली म्हणून, की थोडी शांतता मिळावी म्हणून, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

धाकू गेला, बायजा गेली, घर गेलं. जाळी आहे. काटे नाहीत असं सगळे सांगतात. मला दोनदा टोचले आहेत, पण ते नव्या फांद्यांचे असतील. दर माघी पुनवेला गाव तिथे जमतं. कोयता गुरवाच्या घरी असतो. आता तो लाकडी आहे, कारण मधे एका जोडप्याचं तिसऱ्या खेपेपर्यंत जुळेना आणि लोकांचा जीव टांगणीला लागला. ज्यांच्या घरात अबोला असेल, त्या दोघांनी पुढे यायचं. एकानं कोयता उचलायचा, दुसऱ्यानं हात धरायचा. मुकेपणी चालत नाही. नवरा-बायको येतात, सासवा-सुना येतात, बांधावरून भांडलेले भाऊ येतात. म्हणून भोकरटेंबला कुठलाही अबोला माघी पुनवेच्या पुढे जात नाही. वैशाखात पहिली ओंजळ पळसाच्या पानात घालून धोंड्यावर ठेवतात. वाघानं इतकी वर्षं दिली, आता आपण द्यायची.

मागच्या माघात कोयता माझ्या हातात होता. आमच्या घरी अकरा दिवसांचा अबोला होता. कशावरून ते सांगत नाही, चूक माझी होती. पहिल्यांदा उचलला, ही गप्प. दुसऱ्यांदा उचलला, ही पदर सारखा करत राहिली. गोष्ट मला पाठ आहे, इतक्या वेळा सांगितली आहे, पण त्या वेळी तिच्यातलं काही आठवत नव्हतं. तिसऱ्यांदा कोयता वर नेला आणि मान आपोआप मागं वळली.

ती माझ्याकडेच बघत होती. पुढे आली, मनगट धरलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. येत्या वरसाला देईल." मग आम्ही घरी आलो आणि तिनं चहा टाकला.